छोट्या घराचा नियम

अकरावीला, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकच्या वर्गात, गेलं की आमच्या शाळेतल्या मुलींना महिनाभर संसार करावा लागायचा. नवरा, सासू आणि पोरंबाळं सोडली तर त्या संसारात सगळं होतं. बोर्डिंगच्या मागे विहीर, विहिरीच्या पलीकडे दोन खोल्यांचं कौलारू घर. पुढे ओटी, मागे मोरी, आणि मोरीच्या पाण्यावर माजलेल्या केळी. त्याला सगळे छोटं घर म्हणायचे. गृहशास्त्र घेतलेल्या मुलींनी तिघी-तिघींनी तिथं राहायला जायचं, बाजार आणायचा, चूल पेटवायची, जमीन सारवायची, कुणी आजारी पडलं तर निस्तरायचं, आणि एवढं करून सकाळच्या घंटेला वेणीफणी करून वर्गात हजर व्हायचं. दर रविवारी तिघींपैकी एकीच्या घरची माणसं जेवायला यायची. महिना संपायच्या आत कधीतरी, न सांगता, गृहशास्त्राच्या बाई येऊन डबे उघडून बघायच्या, चुलीमागे बोट फिरवायच्या आणि तिघींना मिळून मार्क द्यायच्या. परवा हे मी माझ्या नातीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला शाळेतच बायको बनवत होते?" मी म्हटलं, आधी स्वतःचा डबा धुऊन ठेव, मग आपण बोलू. माजिवड्याच्या या विसाव्या मजल्यावर डबे आपोआप धुतले जातात असं तिला खरोखर वाटतं.

शाळा कल्याणला, मेथडिस्ट मिशनची. ती सुरू केली परदेशातून आलेल्या मडमांनी, कुठल्याशा दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलींसाठी. त्या मडमांचे फोटो प्रार्थनेच्या हॉलमध्ये ओळीनं लावलेले होते. सगळ्यांचे गळे कॉलरीनं आवळलेले आणि सगळ्यांचे चेहरे उन्हानं त्रासलेले. मी गेले तेव्हा त्यांच्यातलं कुणी उरलं नव्हतं. शाळा आमच्यासारख्याच मराठी बाया चालवत होत्या आणि मुलीही सगळीकडच्या होत्या. नगरकडच्या ख्रिस्ती घरांतल्या, खाडीकडच्या आगऱ्यांच्या, घाटावरून कारखान्यात आलेल्या लोकांच्या, आणि गावातल्या दोन-चार दुकानदारांच्या, ज्या दिवसभर शाळा करून घरी जायच्या. घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तो वाजवायचा मान आठवड्याला बदलायचा आणि प्रत्येकीचा ठोका वेगळा असायचा, त्यामुळे डोळे मिटूनसुद्धा कळायचं की आज कोण रागात आहे. सकाळी हॉलमध्ये पायपेटीवर गाणं सुरू व्हायचं. पेटीचा एक सूर बसलेला होता, तो आला की सगळी शाळा तेवढ्यापुरती मोठ्यानं गायची आणि पेटीची लाज राखायची.

मी ख्रिस्ती नव्हते. आम्ही साताऱ्याकडचे, बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेले, आणि माझं नाव अण्णांनी हौसेनं यशोधरा ठेवलेलं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते आंबिवलीला कारखान्यात होते आणि आम्ही कारखान्याच्या मागच्या चाळीत राहायचो. अण्णा फार बोलायचे नाहीत, पण चाळीत त्यांचा शब्द चालायचा. विहाराची पत्र्याची शेड त्यांनी पुढाकार घेऊन उभी केली होती. कामावरून आले की अंघोळ, धुतलेला सदरा, मग चहा. मळक्या कपड्यांत त्यांनी कधी कुणाच्या दारात पाऊल टाकलं नाही. मला मिशनच्या शाळेत घालायचं त्यांनी ठरवलं तेव्हा चाळीत बरीच कुजबुज झाली, की यशी आता मडम होऊन येणार. अण्णा थेट शाळेत गेले आणि सगुणाबाईंना म्हणाले, "पोरगी शिकवा. धरम शिकवू नका, तो आम्ही एकदा बदललाय." सगुणाबाई आमच्या बोर्डिंगच्या मुख्य. पांढरं पातळ, जाड चष्मा, बोलणं मोजकं. त्या म्हणाल्या, "प्रार्थनेला बसावं लागेल. डोळे मिटायचे की नाही ते तिचं ती ठरवेल." हे उत्तर अण्णांना पटलं. मी पहिल्या दिवशी डोळे उघडे ठेवून बसले आणि पाहिलं की निम्म्या ख्रिस्ती मुलींचेही उघडेच असतात.

बोर्डिंगचं जेवण म्हणजे सकाळी नाचणीची आंबील किंवा पाव, दुपारी भात आणि पातळ आमटी, रात्री भाकरी आणि भाजी. आमटी इतकी पातळ की थाळीत स्वतःचा चेहरा बघून भांग नीट करता यायचा. रविवारी मटणाचा रस्सा असायचा, आणि त्या दिवशी चर्चमधल्या उपदेशाकडे एकीचंही लक्ष नसायचं, कारण वारा स्वयंपाकघराकडून यायचा. मडमांच्या काळापासून चालत आलेलं एक पुडिंग होतं, शिळ्या पावाचं. गूळ घालून केलेलं ते पुडिंग मला अजून स्वप्नात दिसतं. मी करून पाहिलं, सुनेनं यूट्यूबवर बघून करून पाहिलं, ते काही येत नाही. बहुतेक भूकच तितकी उरली नाही.

आणि नियम. मला कुणी म्हणालं की त्या काळच्या मुली किती आज्ञाधारक, की मला हसू येतं. आम्ही सगळे नियम मोडायचो. दिवे मालवल्यावर बोलायचो, भिंतीवरून चिंचा पाडायचो, पायपेटीवर सिनेमाची गाणी वाजवायचो. एकच नियम कुणी मोडत नसे, कारण त्याला आम्ही नियम समजतच नव्हतो. ज्यानं खाल्लं त्यानं आपलं ताट धुवायचं. पाचवीतली चिमुरडी असो की स्वतः सगुणाबाई, जेवण झालं की आपलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट घेऊन मोरीवर जायचं, राखेनं घासायचं, विसळायचं आणि फळीवर उपडं घालायचं. दुसऱ्याचं ताट धुवायचं नाही आणि दुसऱ्याला आपलं धुवू द्यायचं नाही. ताप आला असेल तरच सूट. छोट्या घरात तर हा नियम पाहुण्यांनाही लागू होता. मी इतकी वर्षं बोर्डिंगात काढलेली, त्यामुळे जेवल्यावर हात धुणं आणि ताट धुणं या माझ्या लेखी वेगळ्या गोष्टीच नव्हत्या.

छोट्या घरात माझ्यासोबत रूथ आणि हिरा होत्या. रूथ नगरची, पाळकांची मुलगी, नीटनेटकी, जरा भित्री, वर्गात पहिली. हिरा खाडीकाठच्या आगरी गावातली, उंच, दणकट, आणि तोंडाचा पट्टा सदैव चालू. मासे साफ करताना ती गायची आणि गाताना मासे साफ करायचे विसरायची. पहिल्या रविवारी रूथचे आईवडील आले, प्रार्थना केली, जेवले, ताटं धुतली, गेले. दुसऱ्या रविवारी हिराचे बाबा नि दोन काका आले आणि इतकं जेवले की आम्हाला दुसरा भात लावावा लागला. हिरानं मोरी दाखवली तेव्हा तिचे बाबा गडगडून हसले आणि म्हणाले, "पोरी शिकाला घातली नि बापूसच भांडी शिकून घरा चालला." तिघेही मोरीवर उकिडवे बसले आणि राख एकमेकांच्या अंगावर उडवत ताटं घासली. आम्ही हसून हसून लोळलो.

तिसरा रविवार माझा. अण्णांना काय आवडतं ते मला पाठ होतं. ज्वारीच्या भाकरी, मटणाचा झणझणीत रस्सा, सुकटाची चटणी, आणि आईसाठी तांदळाची खीर. पहाटेपासून मी पाट्यावर मसाला वाटत होते. हिरानं ओटी सारवली, रूथनं पाटांपुढे बारीक रांगोळी काढली. अण्णा आणि आई दुपारी आले. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, आई ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात. सगुणाबाई आमच्याबरोबर जेवायला बसल्या. त्यांनी छोटीशी प्रार्थना म्हटली. अण्णा हाताची घडी घालून, डोळे उघडे ठेवून शांत बसले आणि संपल्यावर त्यांनी बाईंना मान लववली. मग जेवण सुरू झालं. अण्णांनी रस्सा दोनदा मागून घेतला. घरी ते कधी 'चांगलं झालंय' म्हणायचे नाहीत, वाटी पुढे सरकवायचे, तेच बक्षीस. त्या दिवशी वाटी दोनदा सरकली आणि मला आभाळ ठेंगणं झालं. आई तर खीर खाताना माझ्याकडेच बघत होती.

जेवणं उरकली. सगुणाबाई आपलं ताट घेऊन मोरीकडे गेल्या. हिराच्या डोक्यात तिच्या बाबांची गंमत ताजी होती. ती हसत हसत अण्णांना म्हणाली, "काका, ताट तिकरं मोरीव न्या. राख न् काथ्या तिकरंच हाय."

अण्णा हात धुवायला उठत होते, ते परत खाली बसले. म्हणाले, "काय म्हनलीस?"

"आपलं ताट आपन धुवाचं, काका. नियम हाय हितला."

अण्णांचा चेहरा असा बदलला, की तसा मी याआधी कधी पाहिला नव्हता. ते चिडले की त्यांचा आवाज चढायचा. त्या दिवशी तो खाली गेला. ते मला म्हणाले, "यशे, पेटी भर. आपल्याला निघायचंय." मला वाटलं काहीतरी ऐकण्यात गडबड झाली माझी. मी तशीच उभी राहिले. "ऐकू आलं न्हाई? इथं ऱ्हायाचं न्हाई तुला आता," ते म्हणाले. सगुणाबाई ओल्या हातांनी परत आल्या आणि त्यांनी विचारलं, "भाऊ, काय झालं?"

मग अण्णा बोलले. आमच्या घरात ही गोष्ट कधी निघाली नव्हती. मला ती त्या दिवशी, उष्ट्या ताटांसमोर उभी असताना कळली. त्यांच्या गावात चावडीजवळ एक हॉटेल होतं. आमच्या लोकांची भांडी आत नसायची, बाहेर वळचणीला खोचलेली असायची. पोरं असोत, म्हातारे असोत, भांडं आपण काढायचं, वरून वाढलेलं खायचं, आपण धुवायचं आणि परत वळचणीला खोचायचं. अण्णांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, एकदा लहानग्या अण्णांना घेऊन भजी खायला गेले. खाऊन झाल्यावर आजोबा दोघांची भांडी धुवायला लागले तेव्हा आतून कुणी तरी ओरडलं, नीट घास रे, तुझ्या मागं दुसरं कुणी खानार हाय. आणि आजोबा हसले. "त्यो हसला, बाई," अण्णा म्हणाले. "माझा बाप हसून हो म्हनला आन् अजून घासायला लागला. तवा ठरवलं, दुसऱ्याच्या दारात मी भांडं धुनार न्हाई. त्यापायी गाव सोडलं. धरम सोडला. आन् आज माझ्या पोरीच्या शाळंत मला मोरी दाखवता?"

हिरा रडायलाच लागली. तिला बिचारीला काही कळलं नव्हतं, फक्त आपल्यामुळे झालं एवढं कळलं. सगुणाबाई खाली बसल्या, अण्णांच्या समोर, जमिनीवर. म्हणाल्या, "भाऊ, माझे आजोबा त्याच वळचणीखालचे. मग मिशनमध्ये आले." त्यांनी सांगितलं की शाळा सुरू झाली तेव्हा इथंही हेच होतं. ज्या मुली स्वतःला वरच्या म्हणवायच्या त्या जेवून उठून जायच्या, आणि काही ठरावीक मुलीच सगळ्यांचं खरकटं काढायच्या. मडमांना कितीतरी दिवस ते दिसलंच नाही. त्यांना वाटायचं या मुली कामसू आहेत. कळलं तेव्हा हा नियम झाला, आणि पहिलं ताट थोरल्या मडमेनं धुतलं. त्यावर कितीतरी घरांनी आपल्या मुली काढून नेल्या. "तुमच्या गावात फक्त तुमचंच भांडं तुमच्याकडून धुऊन घ्यायचे," बाई म्हणाल्या. "इथं सगळ्यांना धुवावं लागतं. त्यासाठीच आहे हे."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. ते समजूतदार माणूस होते, ऐकायचे. मग म्हणाले, "असंल. तुमचा नियम चांगला असंल, बाई. पर माझ्या हाताला ते कसं समजावं? राखंला हात लावला की मला त्यो माझा बाप दिसनार." आणि मला म्हणाले, "चल."

मॅट्रिकची परीक्षा तोंडावर होती. चाळीत गेले असते तर परीक्षा राहिली असती, आणि परीक्षा राहिली असती तर पुढे काय होतं ते मी आजूबाजूला रोज बघत होते. माझ्या वयाच्या दोघी कडेवर पोरं घेऊन पाण्याच्या रांगेत उभ्या असायच्या. अण्णांना मी शिकायला हवीच होते, पण त्या क्षणी ते माझ्या शाळेत नव्हते, चावडीजवळच्या त्या हॉटेलाबाहेर उभे होते, आणि तिथून त्यांना बाहेर कसं आणायचं ते मला कळत नव्हतं. मी घाईघाईनं म्हणाले, "अण्णा, मी धुते तुमचं ताट. मार्क गेले तर जाऊ देत." त्यावर त्यांचं जास्तच बिनसलं. "तू कशापायी धुशील? त्यासाठी शिकवलं तुला?"

तेवढ्यात मोरीकडून राख खरवडल्याचा आवाज आला. आई केव्हा उठली ते कुणी पाहिलं नव्हतं. तिनं आपलं ताट घासलं, विसळलं, फळीवर उपडं घातलं, पदराला हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. माझी आई चारचौघांत बोलायची नाही. अण्णांसमोर तर नाहीच. ती म्हणाली, "अवो, गावात त्यांनी तुमचं तुमच्याकडनं धुऊन घेतलं, त्याचा राग तुम्ही धरला. बराबर केलं. पर लगीन झाल्यापासनं तुमचं ताट मी धुतीया. ताप असू दे, बाळंतीण असू दे. मला राग येतो का, कुनी इचारलं? तुम्ही इचारलं?"

अण्णा म्हणाले, "आता हितं काय काढतीस त्ये?"

"हितंच काढनार. घरी काढलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतं. हितं समद्यांनी आपापलं धुतलं. या बाईंनी धुतलं, मी धुतलं. माझं एकटीचं एकच ताट आज पयल्यांदा धुतलं मी. तुमचं मी धुनार न्हाई. आन् पोरगी कुठं बी येनार न्हाई, तिची परीक्षा हाय."

आई स्वतःच्या बोलण्यानं स्वतःच घाबरली होती, पण दारातून हलली नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की रडू फुटलं, आणि अण्णांची इतकी कीव आली की ते थांबेना. अण्णांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी तांब्यातल्या पाण्यानं पायरीवर हात धुतले, चपला घातल्या आणि फाटकाकडे चालू लागले. आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून त्यांच्या मागून गेली. ताट पाटापुढे तसंच राहिलं.

आता त्या ताटाचं काय करायचं? पाटावरून उचलून आम्ही ते मोरीवर नेऊन ठेवलं. रस्सा वाळत चालला, कडेनं तेलाची लाल रेघ धरली, मुंग्या लागल्या. हिरानं त्यावर टोपली पालथी घातली. रूथनं टोपलीभोवती हळदीचं रिंगण ओढलं. गृहशास्त्राच्या बाई तपासणीला कधीही येणार होत्या आणि मोरीत खरकटं दिसलं असतं तर तिघींचे मार्क गेले असते. रूथला मार्कांची काळजी फार. ती हळूच म्हणाली, "यशा, मी धुऊन टाकते ना. कुणाला कळणार आहे?" मी तिला असं काही वसकन ओरडले की ती दोन पावलं मागे सरली. "हात लावायचा नाही त्याला." मला तेव्हा धड सांगता आलं नाही, पण आज सांगता येतं. ते ताट आमच्यापैकी कुणीही धुतलं असतं तरी आईचं बोलणं वाया गेलं असतं. ती घरी जाऊन रोज काय सोसत होती देव जाणे, आणि आम्ही इथं मार्कांसाठी ते पुसून टाकायचं? हिरानं रूथला समजावलं, "ऱ्हाऊ दे गं. ताट हाय, वाघ नाय." सगुणाबाई रोज येऊन टोपलीकडे बघून जायच्या. गृहशास्त्राच्या बाई आल्या, त्यांनी टोपली उचलली, नाक दाबलं, आणि आमचं म्हणणं ऐकून घेऊन स्वच्छतेचे मार्क कापले. रूथ माझ्याशी जेवणापर्यंत बोलली नाही. मग बोलली.

अण्णा आले ते आठवड्याच्या मधल्याच एका दुपारी, पहिली पाळी संपवून. मी इतिहासाच्या तासाला होते. पाचवीतली एक मुलगी धावत येऊन म्हणाली, तुझे बाबा छोट्या घरापाशी उभे आहेत. पेटी न्यायला आले असं मी धरूनच चालले. विहिरीपाशी पोचले तर ते ओटीवर उभे होते, कारखान्यातल्याच निळ्या कपड्यांत, हातांना तेलाचे डाग तसेच. त्या कपड्यांत ते चाळीच्या बाहेर कधी दिसायचे नाहीत. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "हाय का अजून?"

मी म्हटलं, "हाय."

ते मोरीवर गेले. टोपली त्यांनी बाजूला काढली आणि ताटाकडे बघत राहिले. वास सुटला होता, कडा काळ्या पडल्या होत्या. मग बाह्या वर केल्या आणि उकिडवे बसले. "राख कोरडी घ्यायची का वली?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, आधी पाणी टाकून भिजू द्या, मग ओली राख. ते घासू लागले. माझ्या वडिलांचे हात कारखान्यातल्या मोठमोठ्या यंत्रांवर चालायचे, पण त्या ताटावर त्यांना काथ्या धड धरता येईना. आतली बाजू घासली, कडा राहिल्या. कडा घासल्या, मागची बाजू राहिली. मी मागं हात बांधून उभी होते. पुढे होऊन ताट काढून घ्यावं असं शंभरदा मनात आलं, नाही घेतलं. घासता घासता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते खांद्यानं पुसत होते. मी विचारलं, "अण्णा, आजोबा दिसतात का?" ते म्हणाले, "दिसतोय. हसत न्हाई आता." आणि ताट पालथं करून मागची बाजू घासायला घेतली.

विसळून त्यांनी ताट फळीवर आमच्या ताटांच्या ओळीत उपडं घातलं. पाणी पार कोपरापर्यंत गेलं होतं. हात झटकत म्हणाले, "परीक्षा हुईस्तवर घरी येऊ नको. चाळीत अभ्यास हुनार न्हाई. आई येत जाईल रविवारी." मी मान हलवली. फाटकापर्यंत मी त्यांच्यासोबत गेले. फाटकात ते थांबले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "आन् हे तुझ्या आईला सांगू नको."

पुढचं खोटं लिहिण्यात अर्थ नाही, की त्यानंतर अण्णा घरी रोज ताट धुऊ लागले वगैरे. तसं काही झालं नाही. कधी मनात आलं तर धुवायचे, कधी नाही, आणि म्हातारपणी तर साफ विसरले. मी मॅट्रिक झाले, ठाण्याला नर्सिंगला गेले, टेंभी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात नोकरी धरली आणि तिथूनच निवृत्त झाले. हिरानं परीक्षा दिली आणि लग्नानंतर डोंबिवलीत मासळीचा धंदा काढला, अजून तिचा आवाज पार नाक्यापर्यंत ऐकू येतो. रूथ शिक्षिका झाली. छोटं घर पाडून तिथं शाळेच्या बसगाड्या उभ्या राहतात असं ऐकते. मी बघायला गेले नाही.

पण त्या वेळचं सांगते. रविवारी आई आली, एकटीच, फडक्यात चटणी-भाकरी बांधून. चेहरा ओढलेला होता. आम्ही विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. घरी कसं चाललंय विचारलं तर म्हणाली, बोलत न्हाईत माझ्याशी, जेवतात न् उठून जातात. सांगू नको म्हणून अण्णांनी मला बजावलं होतं, आणि मी त्यांची लाडकी, त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. मी तिथल्या तिथं सगळं सांगून टाकलं. दुपारी आले, कामाच्या कपड्यांत आले, आपल्या हातानं घासलं, रडले.

आई ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण तिनं ते खाली पडू दिलं नाही. फडक्याची गाठ सोडत तिनं विचारलं, "मागची बाजू घासली?"

"आधी राहिली. मग घासली."

"आन् कडा?"

"थोडं तेल राहिलं होतं कडेला."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी ठेवली आणि माझ्या हातात दिला. "शिकतील," ती म्हणाली.